तुमच्यात बोलतं कोण?

सकाळची घाई. शाळेची रिक्षा यायला दहाच मिनिटं उरलेली. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अरे, भूगोलाची वही दप्तरात घातलीस का?"

उत्तर सोपं. 'हो' किंवा 'नाही'. पण तोंडातून निघतं, "सारखी काय गं माझ्या मागे लागतेस!"

आईचाही आवाज चढतो. "नको घालूस! मग मार्क कमी पडले की रडत येऊ नकोस." झालं! वही राहिली घरी, डबा राहिला ओट्यावर आणि दिवसभर दोघांचीही तोंडं उतरलेली.

मित्रांनो, एवढ्याशा प्रश्नावरून भांडण का पेटतं? याचं उत्तर शोधलं डॉ. एरिक बर्न यांनी. त्यांचा जन्म १९१० साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात झाला. पुढे ते अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ झाले. त्यांच्याकडे एक वकील उपचारासाठी येत. एकदा ते म्हणाले, की मी खरा वकील नाहीच, मी तर एक लहान मुलगा आहे! बर्न यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्यांना दिसलं, की हा माणूस कधी मोठ्यासारखा बोलतो, तर कधी खरोखरच लहान मुलासारखा.

अशा निरीक्षणांतून 'ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस' ही पद्धत तयार झाली. माणसं एकमेकांशी बोलतात म्हणजे काहीतरी देतात आणि घेतात. त्या देवाणघेवाणीचा हा अभ्यास. १९६४ साली आलेलं बर्न यांचं 'गेम्स पीपल प्ले' हे पुस्तक खूप गाजलं.

बर्न म्हणतात, प्रत्येकात तिघं जण असतात. पालक, प्रौढ आणि बालक. वयाशी याचा संबंध नाही बरं का! पालक म्हणजे मोठ्यांकडून आपण उचललेलं बोलणं. तो रागावतो, तसाच मायाही करतो. बालक म्हणजे आपलं लहानपण. तो रुसतो, घाबरतो. पण खळखळून हसतो तोही हाच. आणि प्रौढ? तो समोर काय आहे ते बघतो, विचार करतो आणि मग बोलतो.

आता पुन्हा वहीकडे वळू. आईतल्या प्रौढाने तुमच्यातल्या प्रौढाला विचारलं होतं. उत्तर दिलं बालकाने, तेही आईतल्या पालकाला! दोन रेघांची फुली झाली आणि बोलणं तुटलं. रेघा समांतर राहिल्या, तर बोलणं पुढे जातं. ताप आल्यावर तुम्ही "आई, डोकं दुखतंय गं" म्हणता आणि ती कपाळावर हात ठेवते. बालक आणि पालक! इथे फुली होत नाही.

ऑफिसातही हेच चालतं. साहेबांनी विचारलं, "फाईल कधी मिळेल?" त्यावर "मी काय रिकामा बसलोय?" म्हटलं तर वाद. "तीन वाजता देतो" म्हटलं तर काम.

पण समोरचाच रागावून बोलला तर? प्रगतिपुस्तक बघून बाबा म्हणाले, "एवढेच मार्क?" तर रडू येतं किंवा दार आपटावंसं वाटतं. अशा वेळी एक श्वास घ्या आणि सांगून बघा, "बाबा, अपूर्णांकांची गणितं मला समजलीच नाहीत. रविवारी शिकवाल?" राग लगेच जाईलच असं नाही. पण आता बोलायला भांडणाऐवजी गणित आहे. आणि आईबाबा, "पेपर आण, कुठे अडलं ते बघू" हे तुम्हीही आधी म्हणू शकता!

एक पथ्य मात्र पाळा. "आई, तुझ्यातला पालक बोलतोय हं!" असं कुणाला सुनावू नका. आगीत तेल पडेल! ही पद्धत आधी स्वतःकडे बघण्यासाठी आहे.

या आठवड्यात घरातलं एखादं भांडण आठवा. प्रत्येक वाक्यापुढे पा, प्रौ किंवा बा लिहा. फुली नेमकी कुठे झाली, ते सापडेल. मग तेवढं एकच वाक्य बदलून बघा!