वर्षाचा मसाला

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरी सर्वांत आधी खाली उतरते ती फळीवरची मसाल्याची बरणी. फराळाचे डबे घासायचे असतात, पितळेची भांडी चिंचेने उजळायची असतात, माळा झाडायचा असतो. पण ते सारे मागाहून. आधी बरणीच्या तोंडावरचा दादरा सोडायचा, नाक जवळ न्यायचे आणि दीर्घ श्वास घ्यायचा. घरची मंडळी माझ्या या विधीला हसतात. हसोत बापडी! पन्नासएक वर्षांपूर्वी याच बरणीने माझ्या डोळ्यांत पाणी आणले होते, आणि ते काही मिरचीच्या खकाण्याने आलेले नव्हते.

१९७४ च्या मार्चात लग्न होऊन मी पुण्याहून जळगावला आले. माहेरी मसाला म्हणजे गोडा मसाला. आमटीत चिमूटभर पडायचा, पाव किलो केला तरी कितीतरी दिवस पुरायचा. सासरी पाहते तो शेवभाजी काय, पातोड्यांचा रस्सा काय, काळ्या मसाल्यावाचून कशाचेच पान हलत नाही! घरात खाणारी दहा माणसे. एप्रिल लागताच सासूबाईंनी हिशेब मांडला: मिरची तीन किलो, धने दीड किलो आणि बाकीचे सामान त्या बेताने. मिरची धुळ्याहून आणायची, कारण मावससासूबाई तिथे राहत आणि पाच कंदिलाजवळचा एक दुकानदार त्यांच्या माहितीतला होता. त्या मे महिन्यात रेल्वेचा देशभर संप चालू होता. एरंडोल, पारोळा करीत आम्ही दोघी एस्टीने धुळ्याला पोचलो.

दुकानात मी सर्वांत लालभडक दिसणाऱ्या ढिगाकडे बोट केले. मावससासूबाई म्हणाल्या, "रंग नंतर पाहू. देठ देख, माय, देठ!" त्यांनी एक मिरची उचलून कानाशी हलवली. आतले बी खुळखुळले. मग ती मधोमध वाकवली, तर कट्‌कन मोडली. नुसती वाकते आणि मोडत नाही ती मिरची अजून ओली. वजनात ती दुकानदाराच्या फायद्याची आणि बरणीत आपल्या तोट्याची. देठ घट्ट असलेली घ्यायची, म्हणजे आत किडीला वाट मिळत नाही. देठ खुडायचे ते घरी, कुटायच्या आधी. सालीवर पांढुरके डाग पडलेल्या मिरचीला बाजारात 'फटकी' म्हणतात. तिला भिजल्याची, बुरशीची बाधा झालेली असू शकते. नंदुरबार आणि दोंडाईचा या आमच्याकडच्या मोठ्या मिरची-पेठा. दिवाळीच्या सुमारास नंदुरबारला ओली लाल मिरची उघड्या माळावर वाळत घालतात. त्या पथाऱ्यांवर अवकाळी पाऊस पडला, की व्यापाऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. ते कशामुळे, हे त्या दिवशी मला कळले.

तिखटपणा आणि रंग यांचे घर एक नव्हे, हेही तिथेच शिकले. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. दोन्ही बेताने मिसळायच्या. गंमत पाहा, जिच्यावाचून खानदेशी रस्सा होत नाही, ती मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात इकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटाचा मान मिऱ्याचा होता.

आख्खी वस्तू आपल्या प्रश्नांना उत्तर देते. पूड झाली की तिचे तोंड बंद. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा शिशाचा पिवळा रंग, तिखटात विटकरीचा भुगा, मिऱ्यांत पपईच्या बिया, हे प्रकार जुनेच आहेत. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात 'सुदान' हा बंदी असलेला रंग सापडला आणि मोठा गवगवा झाला. भेसळीविरुद्ध आपल्याकडे १९५४ साली कायदा झाला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. २०११ च्या नियमांनी तर दळलेले मसाले सुटे विकायलाच मनाई केली. तेव्हा तयार पूड घ्यायचीच झाली तर बंद पाकिटातली, परवाना क्रमांक व तारीख पाहून घ्यावी. घरी आणल्यावर पाण्याच्या पेल्यावर चिमूटभर तिखट भुरभुरावे. पाण्यात लाल रेघा उतरू लागल्या, तर वरून रंग घातला असल्याचा संशय घ्यावा. मिऱ्याचे दाणे पाण्यात टाकावे. चांगले मिरे तळाशी बसते, पपईची बी तरंगते.

बाकीचे सामान जळगावच्या दाणा बाजारातले: जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, बाद्यान, जायपत्री, रामपत्री, नागकेशर, तमालपत्र, खसखस, तीळ, हळकुंड, सुंठ आणि हिंगाचा खडा. या सर्वांत मला नवल वाटले ते दगडफुलाचे. नाव फुलाचे, पण ते फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. कच्चे हुंगावे तर मातकट लागते. तेलावर परतले, की मात्र काळ्या मसाल्याचा तो खोल, धुरकट वास उठतो.

जळगावचे मे महिन्यातले ऊन म्हणजे फुकटची भट्टीच. दोन दिवस गच्चीवर सारे सामान कडकडीत वाळवले. मग प्रत्येक जिन्नस वेगळा, थोड्या तेलावर, मंद आचेवर भाजला. खसखस क्षणात करपते आणि हळकुंडाला कढत व्हायलाही वेळ लागतो. त्यांना एका कढईत कोंबून कसे चालेल? सुके खोबरे मात्र सासूबाईंनी बाजूला ठेवले. खोबऱ्यात निम्म्याहून अधिक तेल. वर्षभर राहिले तर सारा मसाला खवट करते. ते रोजच्या रोज भाजून वाटणात घालायचे. सामान निवल्यावर आम्ही डंकावर गेलो. डंक कुटतो, चक्की घासते. घासण्याने पूड तापते आणि मसाल्याचा प्राण असलेले सुगंधी तेल उडून जाते. अर्थात डंकावरूनही पूड कोमट होऊनच येते, आणि तिथेच माझा घात झाला.

सासूबाई दमून आडव्या झाल्या होत्या. नव्या सुनेचा कामसूपणा दिसावा म्हणून मी त्याच संध्याकाळी कोमट मसाला चिनी मातीच्या बरणीत दाबून भरला, दादरा बांधला आणि बरणी हाताशी असावी म्हणून मोरीजवळच्या फळीवर ठेवली. वरखर्चाची लहान बरणी वेगळी असल्यामुळे मोठी बरणी पावसाळाभर कोणी उघडली नाही.

दिवाळीच्या आधी ती उघडली, तो कुबट वास आला. मसाल्याचे खडे झाले होते आणि कडेला हिरवट-पांढरी जाळी धरली होती. ते साल भयंकर महागाईचे. मी रडकुंडीला येऊन म्हटले, "वरचा थर काढून टाकते. बाकीचा उन्हात घालते. फोडणीत कळणारसुद्धा नाही."

सासूबाई रागावल्या नाहीत. "रस्सा दहा ताटांत जातो," एवढेच त्या म्हणाल्या. "आपल्याला शंका आली, तेवढं पुरे." आणि त्यांनी मला परसात खड्डा खणायला लावला.

मला तो निव्वळ सोवळेपणा वाटला होता. पण त्याच १९७४ च्या शरदात गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे कावीळ होऊन दगावली. कारण होते बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन. तो मका त्यांचे रोजचे अन्न होता आणि मसाला आपण चमचाभर खातो, हे खरे. तरीही दूषित मिरचीत हेच विष असू शकते, आणि ऊन दाखवून किंवा फोडणीत परतून ते खात्रीने जात नाही. बरणी धुवून उपडी ठेवताना सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना फक्त आपल्या नाकाचे म्हणणे ठाऊक होते.

त्या दिवाळीला पाडव्याच्या रश्श्यासाठी मला शेजारी मसाला मागायला जावे लागले. पुण्याची शिकलेली सून हातात वाटी घेऊन दारोदार! पण पाच घरांतून पाच वाट्या आल्या आणि कोणी एका शब्दाने टोचले नाही. एकीचा मसाला काळाकुट्ट, एकीचा विटकरी. एकीच्यात सुंठ पुढे, एकीच्यात लवंग. सासूबाईंनी त्या वाट्या एकत्र केल्या नाहीत. रोज एक वापरली आणि मला ओळखायला लावली, की आज रश्श्यात काय जास्त आहे.

तेव्हापासूनचे माझे नियम थोडके आहेत. कुटलेला मसाला रात्रभर स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण निवू द्यावा. बरणी उन्हात तापवून घ्यावी आणि तीही निवल्यावरच भरावी. मध्ये हिंगाचे खडे ठेवावे. उजेडाने रंग उडतो, म्हणून काचेची बरणी खिडकीत मिरवू नये. ओलीजवळ तर मुळीच ठेवू नये. चमचा नेहमी कोरडा. मिक्सरवर करणाऱ्या मुलींनी थोडे थोडे, थांबून थांबून फिरवावे. शहरात लहान कुटुंबाने वर्षाचा न करता तीन महिन्यांचा करावा. उरलेले आख्खे सामान हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे आणि डबा बाहेर काढल्यावर घरातल्या हवेइतका होईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरते. आणि वास बदलला, तर पैशांकडे पाहू नये.

आता सासूबाई नाहीत. माझी सून पुण्याला असते आणि दिवाळीला येताना रिकामा डबा घेऊन येते. यंदाही बरणी उतरवली, दादरा सोडला. वास खणखणीत आहे! तिचा डबा भरण्याआधी शेजारच्या पाच वाट्या भरून ठेवल्या आहेत.