हाडांची परीक्षा रक्तात

लोणावळा किंवा कामशेतहून सकाळची लोकल धरून तळेगाव, पिंपरी अथवा पुण्यास आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जाणाऱ्या मावळातील रुग्णास आपले क्रिएटिनिन बहुधा तोंडपाठ असते. परंतु वर्षानुवर्षे यंत्राच्या आधाराने चालणाऱ्या देहात हाडांची जी झीज होत असते, तिचा सुगावा ज्यांवरून लागतो, ते कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड संप्रेरक व अल्कलाइन फॉस्फटेज यांचे आकडे त्याच्या नजरेतून सहसा निसटतात.

निरोगी मूत्रपिंड फाजील फॉस्फरस बाहेर टाकते आणि ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देते. ही दोन्ही कामे थांबली, म्हणजे रक्तात फॉस्फरस साचतो, आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण मंदावते, आणि गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या, इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी अधिकाधिक संप्रेरक स्रवून हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढू लागतात. यातून हाडे ठिसूळ होतात आणि क्षार रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचून हृदयावरही संकट ओढवते.

या संप्रेरकाचे रक्तातील मोजमाप १९६३ साली बर्सन व यालो यांनी शक्य केले. २००९ साली ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने डायलिसिसच्या रुग्णांसाठी त्याची पातळी सामान्य कमाल मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट राखण्याचे सुचविले. अर्थात प्रयोगशाळेची मर्यादा ६५ पिकोग्रॅम असेल, तर १३० ते ५८५. निरोगी माणसाच्या मानाने हा आकडा भयावह वाटतो खरा, पण तो फारच खाली आणला, तर हाडांची मोडतोड आणि नवी घडण दोन्ही मंदावून तीही व्याधीच ठरते. संप्रेरकाबरोबर अल्कलाइन फॉस्फटेजही चढत असेल आणि यकृत निर्दोष असेल, तर हाडांतील उलाढाल वाढल्याचा संशय बळावतो.

म्हणून एका अहवालावरून निकाल देणे अप्रशस्त होय; सारे आकडे एकत्र मांडून कित्येक महिन्यांची त्यांची चाल पाहावी, आणि पद्धतीनुसार संप्रेरकाचे आकडे बदलत असल्याने तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. रक्तही डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावे, कारण नंतर फॉस्फरस तात्पुरता उतरलेला असतो आणि काही तासांत पुन्हा चढतो.

आहाराचा विचार करताना लोणावळ्याच्या चिक्कीवर प्रथम आळ येतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही: शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ३७५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, शिवाय पोटॅशियमही. तथापि दाण्यांतील बराचसा फॉस्फरस शरीरास सहजी शोषता येत नाही. उलट द्रुतगती मार्गावरील उपाहारगृहात मिळणाऱ्या कोलासारख्या पेयांत व डबाबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषला जातो. एका डायलिसिसमध्ये साधारणपणे ८०० मिलिग्रॅमच्या आसपासच फॉस्फरस निघतो, तर रोजच्या जेवणातून येणारा त्याहून अधिक भरतो. म्हणून फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती जेवणासोबतच घ्यावी. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीला बांधायला अन्नातला फॉस्फरस सापडतच नाही, आणि पुढच्या अहवालातला चढलेला आकडा पाहून औषधच निरुपयोगी म्हणण्याची पाळी येते.