मार्क किती, आणि कुणाचे?

बेंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीत, आऊटर रिंग रोडच्या आसपास, संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. त्यांची मुले आता कॉलेजात जाऊ लागली आहेत. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास आणि फार तर ए.टी.के.टी. एवढेच ठाऊक असलेल्या आईवडिलांच्या हाती निकाल पडतो, तेव्हा त्यात अक्षरे आणि दशांशातले आकडे असतात. मुलगी जीवशास्त्र घेऊन उत्क्रांतीचा पेपर देत असेल, तर प्रश्न पडतो की हे मार्क मोजतात तरी कसे?

ग्रेडचे गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, नुसत्या पासला ४ आणि नापासाला शून्य अंक मिळतात. प्रत्येक विषयाला क्रेडिट, म्हणजे वजन असते. प्राणिशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी आयोगाने दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात उत्क्रांतीच्या थिअरीला ४ आणि प्रॅक्टिकलला २ क्रेडिट होती. थिअरीत ‘ए’ आणि प्रॅक्टिकलला ‘बी’ मिळाला, तर ३२ अधिक १२ म्हणजे ४४; त्याला ६ ने भागले की ७.३३. हेच उलट झाले तर सरासरी ६.६७ वर येते. अक्षरे तीच, पण वजन कुठे पडले याला महत्त्व!

काही ठिकाणी ग्रेड ठरावीक मार्कांवर मिळते, तर काही ठिकाणी वर्गातल्या इतरांशी तुलना करून. दुसऱ्या पद्धतीत ७२ मार्कांना एका वर्गात ‘ए’ मिळेल, तर हुशार मुलांच्या वर्गात ‘बी’. म्हणून शेजारच्या मुलाच्या ग्रेडशी आपल्या मुलाची तुलना करण्यात अर्थ नाही.

मण्यांची पिशवी

तुलनेची पद्धत आली की मुलांना वाटते, वह्या लपवाव्यात, कुणाला मदत करू नये. ‘उत्क्रांती म्हणजे जो तो आपल्यापुरता’ असाही समज असतो. खरे तर हाच विषय सहकार्यही शिकवतो. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी गांधीलमाश्यांच्या वसाहतींचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथे बहुतेक माद्या स्वतः अंडी न घालता राणीची पिल्ले वाढवतात. एकत्र अभ्यास करणे, एकमेकांना समजावणे हा गुन्हा नव्हेच. मात्र उत्तर ज्याचे त्याने लिहायचे.

उतारलेले काम कसे उघडे पडते, याचा नमुना या विषयाच्या प्रॅक्टिकलमध्येच सापडतो. पिशवीतून न बघता रंगीत मणी काढायचे, मोजायचे आणि केवळ योगायोगाने पिढ्यापिढ्यांत गुणधर्मांचे प्रमाण कसे बदलते ते पाहायचे, असा एक प्रयोग करतात. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतात, यायलाच हवेत. दोन जर्नलमध्ये दहा पिढ्यांचे आकडे तंतोतंत सारखे आले, तर शिक्षकांना वेगळा पुरावा लागत नाही.

श्रेय ज्याचे त्याला

नियम एवढे कडक कशासाठी? या शास्त्राचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. १८५८ च्या जूनमध्ये डार्विनला आल्फ्रेड वॉलेसचे टपाल मिळाले. स्वतः वीस वर्षे जपलेली नैसर्गिक निवडीची कल्पना त्यात होती. ते कागद दडपले गेले नाहीत. डार्विनच्या मित्रांच्या पुढाकाराने १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लिखाण एकत्र वाचले गेले. याउलट, १९१२ साली इंग्लंडमध्ये गाजलेला ‘पिल्टडाउन मानव’ १९५३ मध्ये बनावट ठरला. कवटी माणसाची आणि जबडा ओरांगउटानचा! एका लबाडीने अभ्यासकांची चाळीस वर्षे वाट चुकवली.

आपल्याकडे आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ६० टक्क्यांपर्यंत गेले तर वर्षभर बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. वर्गातल्या छोट्या निबंधांचे नियम त्या त्या कॉलेजचे असतात. संगणकाकडून लिहून घेतलेला मजकूर चालतो की नाही, हेही आता सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

पालकांनी काय करावे?

सत्र सुरू होताना मिळणारा नियमांचा कागद मुलाबरोबर बसून वाचावा. हजेरी किती लागते, सबमिशनला उशीर झाला तर किती मार्क जातात, आजारपणात परीक्षा बुडाली तर काय करायचे, हे आधी कळले की शेवटी धावपळ होत नाही. तक्रार असेल तर उत्तरपत्रिका पाहण्याची मुदत टळू देऊ नये. आणि निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘यातले तू स्वतः काय केलेस?’ हेही विचारावे. स्वतः मणी मोजून मिळवलेला ‘बी’ पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. उतरवलेला ‘ए’ पहिल्या तोंडी परीक्षेतच उघडा पडतो.