खोका कोपऱ्यांवर उभा असतो
गोदामाच्या आत : लेखांक ९

गेल्या आठवड्यात पॅलेट पाहिले, आता त्यावरचा माल.

चाकण-भोसरीत भरलेला ट्रक मानेसरला जातो तो बहुतेक राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून. बोरघाट उतरायचा, सुरत, वडोदरा, अहमदाबाद, मग उदयपूरचे डोंगर, अजमेर, जयपूर. अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. मानेसरमध्ये २००१ साली होंडाच्या स्कूटर बनू लागल्या, काही वर्षांनी मारुतीचा कारखाना आला आणि सुट्या भागांची, पुढे ऑनलाइन विक्रीची गोदामे बिलासपूर-पतौडीच्या बाजूला पसरली. तिथे ट्रकचे दार उघडल्यावर अनेकदा एकच दृश्य असते : वरचे खोके ठणठणीत, तळातल्यांची पोटे सुटलेली. बोल लागतो पुठ्ठ्याला. पुष्कळदा चूक रचणीची असते.

थप्पी लावण्याची आपली सवय पोत्यांवर घडली आहे. एक थर आडवा, दुसरा उभा. धान्याच्या गोदामात ते अगदी बरोबर, कारण पोत्यातला मालच भार पेलतो. खोका आतून बऱ्याच अंशी पोकळ. त्याचा भार उभ्या भिंती घेतात आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश वाटा एकट्या चार कोपऱ्यांचा. १९६३ मध्ये अमेरिकेत मॅकी आणि सहकाऱ्यांनी खोक्याच्या ताकदीचे जे सूत्र मांडले, त्यात पुठ्ठ्याच्या कडेची ताकद आहे, जाडी आहे, खोक्याचा परीघ आहे, उंची नाहीच.

आता १२०० बाय १००० मिलिमीटरचे पॅलेट घ्या आणि ६०० बाय ४०० चे खोके. एका थरात पाच बसतात, एका ओळीत तीन आणि दुसऱ्या ओळीत दोन. पुढचा थर उलटा फिरवला की सांधे मोडतात, रचना विटांच्या भिंतीसारखी घट्ट दिसते. पण वरच्या खोक्यांचे कित्येक कोपरे खालच्याच्या झाकणावर मधेच टेकतात. अशा रचनेत निम्म्यापर्यंत ताकद जाऊ शकते. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ खांब उभे केले तर ती टिकते.

हिशेब करून पाहू. बारा किलोचे खोके, पाच थर, त्यावर तसेच दुसरे पॅलेट. तळातल्या खोक्यावर नऊ खोक्यांचे १०८ किलो, शिवाय वरच्या लाकडाचा वाटा. खोका चाचणीत ३०० किलो पेलतो असे धरू. उलटसुलट रचणीने उरले दीडशे. जुलैची दमट हवा पुठ्ठ्यात मुरली की तेही निम्मे होऊ शकतात : पंचाहत्तर. शिवाय महिनाभर ओझ्याखाली उभा असलेला खोका नुसत्या काळाने चाळीसेक टक्के थकतो. म्हणूनच थप्पी लावल्या दिवशी पडत नाही आणि लावणारा सापडत नाही.

खोका पॅलेटच्या कडेबाहेर इंचभर लोंबला तरी त्या बाजूच्या भिंतीखाली आधार उरत नाही. जागा वाचवायला असे करणाऱ्यांना काय वाचले, ते विचारावे.

मग खांबच का रचू नयेत? कारण ट्रक. घाटात ब्रेक लागला की सुटे खांब पुढे झुकतात. तडजोड अशी : खालचे थर सरळ, फक्त सर्वांत वरचा थर फिरवून गुंतवायचा, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे एज बोर्ड. स्ट्रेच फिल्म गुंडाळताना पहिले वेढे पॅलेटच्या लाकडालाही बसले पाहिजेत. नुसते खोके गुंडाळले तर सगळा गठ्ठा एकसंध होऊन पॅलेटवरून घसरतो. जड खोके खाली, हे सांगायला नकोच.

उतरवल्यावर माल रॅकमध्ये गेला तर दुसऱ्या पॅलेटचा भार टळतो. रॅक नसेल आणि पॅलेटवर पॅलेट ठेवायचेच असेल, तर मध्ये प्लायवुडचा ताव घालावा, नाहीतर वरच्या पॅलेटच्या मोजक्या फळ्या सगळे वजन खालच्या झाकणांवर पट्ट्यापट्ट्यांनी टाकतात. अगदी तळाशीही फळ्यांमधल्या फटीत खोक्याचा कोपरा येत असेल तर तिथे जाड पुठ्ठा अंथरावा.