घड्याळाशी की माणसांशी?

आंजी (मोठी)च्या रस्त्यावर फजरनंतर पोलीस भरतीची पोरं धावताना आम्ही पाहतो. त्यांच्या १६०० मीटरला गुण वेळेवर मिळतात. मोठ्या स्पर्धेत पदक नंबरावर.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जून २०२२ मध्ये रबातला ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम केला, ८:१२.४८. जुलैत युजीनच्या जागतिक स्पर्धेत मात्र सगळेच दबकून धावले. शेवटी मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली सुटला, ८:२५.१३ मध्ये जिंकला. साबळे अकरावा! (भरतीत अशी दबकी चाल धरली तर गुण गेलेच.) ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला शर्यत वेगात झाली. साबळे ८:११.२०, रौप्य; सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. २०२३ मध्ये हांगझोऊला त्याने शेवटच्या फेरीची वाटच पाहिली नाही. पुढेच राहिला, आशियाई सुवर्ण घेऊन आला.