कँट्रोविट्झचा झोत

दोडामार्गच्या बीएस्सीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे : बारीक भोकातून निर्वातात सोडलेला वायू उणे २७० अंशांजवळ जातो म्हणतात, मग त्यात फ्रीज कुठे असतो?

फ्रीज लागतच नाही. भोकातून सुटताना रेणू एकमेकांवर आपटत आपटत जवळजवळ एकाच वेगाने, एकाच दिशेला निघतात. खोलीच्या तापमानाचा आर्गॉन सेकंदाला ५६० मीटरच्या आसपास धावतो खरा. पण शेजारच्या रेणूच्या मानाने प्रत्येक जण जवळपास जागच्या जागी. तापमान मोजतं ते हीच आपसातली धावपळ.

असे रेणुझोत आधीपासून वापरणाऱ्या ऑटो स्टर्नच्या काळी दंडक उलटा होता : भोक इतकं लहान ठेवा की बाहेर पडताना रेणूंची टक्करच होऊ नये. १९५१मध्ये आर्थर कँट्रोविट्झ आणि जेरी ग्रे यांनी सुचवलं, होऊ द्या टकरा! कँट्रोविट्झ हवाई गतिशास्त्रातला माणूस, रसायनवाल्यांच्या वाटेचा नव्हेच. पुढे भाऊ एड्रियनबरोबर त्याने हृदयरोग्यांसाठीच्या बलून पंपावरही काम केलं. रेणुझोतांच्या कामासाठी हर्शबाख आणि ली यांना १९८६मध्ये, पोलानी यांच्यासोबत, नोबेल मिळालं. त्यांची योग्यता वादातीत. पण कँट्रोविट्झचं नाव पाठ्यपुस्तकात तळटीपेत तरी यावं की नाही?

वायू सतत सोडला तर पंपांना पेलत नाही, म्हणून व्हॉल्व्ह सेकंदाला दहाएक वेळा क्षणभरच उघडतात. १०० मायक्रोसेकंदांत निघालेला आर्गॉनचा पुंजका साडेपाच सेंटिमीटर लांब भरतो. खरी गोम इथे आहे. तिलारीच्या कालव्याचं दार जरासंच उचललं असेल, तर किती पाणी जाणार हे दार ठरवतं, पुढचा कालवा कितीही रुंद असो. व्हॉल्व्हचंही तसंच : पुरता उघडेपर्यंत वायू त्याच्या फटीतच अडतो, भोकापाशी पूर्ण दाब येत नाही. पुंजक्याचं डोकं-शेपूट त्यामुळे कोमट राहतं, नीट थंड होतो तो मधला भाग. रेणू तपासणारा लेझर तिथेच पडावा म्हणून वेळ साधण्यात दिवसच्या दिवस जातात.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संजय वाटेगांवकर यांच्या गटाने अशाच झोतांत गंधकाचे हायड्रोजन बंध तपासले. दुबळे समजले जाणारे हे बंध तितके दुबळे नाहीत, असं त्यातून दिसलं.

तेव्हा कुणी ‘आम्ही रेणू ५ केल्विनपर्यंत थंड केले’ असं सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा : पुंजक्याच्या कुठल्या भागात?