गाव उठले, नवे वसले, लेकरांचे काय?

पुनर्वसन म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात : मावेजा किती आणि घर किती फुटांचे. घरातल्या लेकराचा विषय निघतच नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागेवर वसवली गेली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन व 1 हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400, त्यापुढे 750. हिशेब सातबाऱ्याचा झाला, खाणाऱ्या तोंडांचा नाही. सहा माणसांच्या मजूर कुटुंबातल्या पोराने अभ्यासाला कुठे बसायचे, हे कोणी विचारले नाही.

घरे पक्की मिळाली, रस्ते सरळ झाले, हे मान्यच आहे. पण गावठाण हलले तरी शिवार जागेवरच राहते. शेत लांब पडले की आई लवकर निघते, उशिरा येते. मग धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगी घरी राहते आणि शाळा बुडते ती तिची. नुकसानीच्या पंचनाम्यात हे कुठेच येत नाही.

भूकंपग्रस्त सुमारे 1200 मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. मोठेच काम झाले. पण प्रत्येक आपत्तीत असा हात मिळेलच असे नाही.

हा विषय जुना झालेला नाही. नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातील लेंडी प्रकल्पाची बुडीत गावे पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये हसनाळ, रावणगावात पाणी शिरले, तेव्हा लेकरेही त्यात होतीच.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या गावठाणासाठी शाळा, अंगणवाडी आणि मुलांचे मैदान सांगितले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. स्थलांतराची यादी करताना खातेदाराच्या नावापुढे लेकरांची नावे, वय आणि इयत्ता लिहा. शाळा व अंगणवाडी सुरू होण्याची तारीख ग्रामसभेच्या ठरावात घ्या. बियाणे वापशावर पेरले नाही तर हंगाम जातो, पण पुढच्या साली पुन्हा पेरता येते. पोराचे शाळेचे वय मात्र परत येत नाही.